गोष्ट कोण सांगतोय? पानिपतातून साहित्याच्या घटकांची ओळख

शाळेत मराठीच्या तासाला कथेचे घटक शिकवले जातात. कथानक, पात्रे, स्थळ-काळ, संघर्ष, निवेदन, भाषा आणि आशय. मुलं व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि निकाल लागला की विसरून जातात. हे शब्द फक्त कथा-कादंबरीच्या कामाचे आहेत, असा त्यांचा समज होतो. शिक्षकांनाही अभ्यासक्रम संपवायची घाई असते.

खरं तर या शब्दांची सर्वात जास्त गरज वर्गाबाहेर पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा इतिहास, सिनेमातला इतिहास, सभेतल्या भाषणातला इतिहास, हे सगळं आपल्यापर्यंत गोष्टीच्या रूपानेच येतं. गोष्ट म्हटली की तिला सांगणारा आला, त्याने निवडलेली पात्रे आली आणि त्याने गाळलेली पात्रेही आली. ही निवड ओळखता आली नाही, तर आपण सांगेल ते खरं मानून बसतो.

म्हणून या लेखात एकच गोष्ट घेऊ, महाराष्ट्रात शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या लढाईची. तिच्या आधाराने साहित्याचे घटक एक-एक करून तपासू.

आधी शब्दांची ओळख

गोष्ट सांगण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. ‘गोष्ट’ आली संस्कृतातल्या ‘गोष्ठी’वरून. गोष्ठी म्हणजे बैठक, चार माणसांनी एकत्र बसणं. ‘किस्सा’ आला अरबीतून. त्याच्या मूळ धातूत पावलांच्या खुणांवरून माग काढत जाणं हा अर्थ आहे. म्हणजे एका भाषेने गोष्टीत माणसांची बैठक पाहिली, दुसरीने वाटेवरचा माग पाहिला. मराठीने दोन्ही शब्द ठेवले आणि दोघांना वेगळी कामं दिली. आजी गोष्ट सांगते, मित्र किस्सा सांगतो.

‘हकीकत’मध्ये ‘हक’ म्हणजे सत्य आहे. ‘कैफियत’मध्ये ‘कैफ’ म्हणजे ‘कसं’ हा प्रश्न आहे. ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा जिक्र झाला ते. ‘मसुदा’ शब्दाच्या मुळाशी काळा रंग आहे, शाईने काळा केलेला कागद. ‘शाहीर’ हा तर सरळसरळ अरबी ‘शाइर’. तो मराठी मातीत आला, त्याने हातात डफ घेतला आणि पोवाडा म्हणू लागला. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’मधल्या अक्षरांची उलटापालट होऊन बनला, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो ‘बखैर’वरून आला. दोन्ही वाटा फारसी-अरबीच्याच आहेत.

‘कादंबरी’ची मजा आणखी वेगळी. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात जी कथा लिहिली, तिच्या नायिकेचं हे नाव. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी धर्तीच्या लांब गद्य कथा मराठीत आल्या, तेव्हा त्या प्रकारालाच मराठीने या नायिकेचं नाव देऊन टाकलं. साहित्यप्रकार इंग्रजी, नाव संस्कृत आणि ज्या कागदावर छापला तो ‘कागद’ फारसी. मराठीचं घर असं अनेकांच्या हातांनी बांधलेलं आहे.

घटनाक्रम आणि कथानक

एकामागून एक काय घडलं याची यादी म्हणजे घटनाक्रम. एक घटना दुसरीला कशी जन्म देते हे दाखवणारी मांडणी म्हणजे कथानक.

पानिपतचा घटनाक्रम थोडक्यात असा. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. मग ते मोठी फौज घेऊन उत्तरेला निघाले. त्यांनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. दोन्ही सैन्यं पानिपतच्या मैदानात अडीच महिने समोरासमोर बसून राहिली. शेवटी लढाई झाली आणि मराठे हरले.

यात ‘का’ कुठेच नाही. ‘का’ विचारलं की कथानक सुरू होतं. मराठे इतक्या लांब का गेले? एक धागा १७५२ च्या करारापर्यंत जातो. त्या करारानुसार मराठ्यांनी दिल्लीच्या मुघल बादशहाचं अब्दालीपासून आणि घरच्या बंडखोरांपासून रक्षण करायचं होतं. म्हणजे पुण्याची फौज दिल्लीच्या मुसलमान बादशहाचं तख्त राखण्याची जबाबदारी घेऊन बसली होती. समोरच्या अब्दालीला रोहिल्यांचा सरदार नजीबखान साथ देत होता. त्याला उत्तरेत मराठ्यांचा वरचष्मा नको होता.

आता हाच घटनाक्रम घेऊन कोणी ‘दोन धर्मांची लढाई’ असं कथानक रचू शकतो. त्यासाठी त्याला १७५२ चा करार गाळावा लागेल. दुसरा कोणी ‘धर्माचा काही संबंधच नव्हता’ असंही कथानक रचेल. त्याला वेगळ्या गोष्टी गाळाव्या लागतील, कारण अवधच्या नवाब शुजाउद्दौलाला अब्दालीच्या बाजूला वळवताना धर्माच्या नावाने हाक दिली गेली होती. घटना त्याच राहतात. कोणती घटना कशाला जोडायची, यावर कथानक बदलतं. विद्यार्थ्याने कथानकाची व्याख्या एवढ्यासाठी शिकायची.

स्थळ-काळ

गोष्ट कुठे आणि केव्हा घडते, याला आपण वातावरणनिर्मितीपुरतं महत्त्व देतो. पानिपतात मात्र स्थळ आणि काळ लढाईचा निकाल ठरवायला मदत करतात.

यमुना ओलांडून अब्दाली मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. पुण्याकडचा रस्ता तुटला. डिसेंबरमध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्य येणं बंद झालं. छावणीत लढणाऱ्या शिपायांसोबत यात्रेकरू होते, बायका-मुलं होती, बाजारबुणगे होते. खाणारी तोंडं असंख्य आणि हिवाळा उत्तरेतला. दख्खनच्या माणसाला तो सोसवणारा नव्हता. जनावरं मरू लागली. अखेरच्या दिवशी फौज बाहेर पडली ती उपासमारीने घायकुतीला येऊन.

हे स्थळ-काळ काढून टाका आणि मग गोष्ट सांगा. उरतं ते फक्त शौर्य आणि नशीब. भूक दिसत नाही.

पात्रे: ठेवलेली आणि गाळलेली

पानिपतची पात्रे सांगा म्हटलं तर मुलं सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, दत्ताजी, मल्हारराव, अब्दाली आणि नजीब ही नावं घेतात. इब्राहिमखान गारदी हे नाव पुष्कळदा शेवटी येतं, कधी येतच नाही.

इब्राहिमखान मराठ्यांच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा सरदार होता. आधी तो निजामाच्या चाकरीत होता आणि फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला होता. पुढे तो भाऊंकडे आला. पानिपतच्या दिवशी मराठ्यांच्या डाव्या बाजूला त्याचे गारदी होते. समोर रोहिले होते. सकाळच्या लढाईत गारद्यांनी रोहिल्यांना मोठा मार दिला आणि स्वतःही मोठ्या संख्येने कापले गेले. लढाईपूर्वीचा एक प्रसंग काशीराजाच्या वृत्तांतात आला आहे. इब्राहिमखान भाऊंना म्हणतो की, माझ्या लोकांचा पगार दरमहा मिळावा म्हणून मी हट्ट धरायचो आणि त्यामुळे आपण नाराज व्हायचात. तो पगार वाया गेला नाही, हे आज आपल्याला दिसेल. त्याने शब्द पाळला. तो जखमी होऊन पकडला गेला. शुजाउद्दौलाने त्याला वाचवायचा प्रयत्न केला, पण त्याला अब्दालीच्या माणसांच्या हवाली करावं लागलं आणि कैदेतच त्याचा मृत्यू झाला.

दुसरं पात्र समशेर बहादूर. बाजीराव आणि मस्तानीचा हा मुलगा मुसलमान म्हणून वाढला आणि पेशव्यांच्या फौजेत सरदार झाला. पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना तो जखमी झाला आणि पुढे भरतपूरच्या जाटांच्या मुलखात वारला. बाजीराव-मस्तानीच्या प्रेमाची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांच्या मुलाने कुठे आणि कोणासाठी जीव दिला, हे विचारलं तर वर्ग गप्प होतो.

साहित्यात पात्रांचे ढोबळ दोन प्रकार सांगतात. काही पात्रे एकरंगी असतात, सबंध गोष्टभर एकाच गुणाने ओळखली जातात. काही पात्रांना अनेक बाजू असतात आणि प्रसंगानुसार त्या दिसतात. पानिपतच्या प्रचलित गोष्टीत मुसलमान पात्र बहुधा एकरंगी असतं. मग इब्राहिमखान आणि समशेर बहादूर यांचं काय करायचं हे गोष्ट सांगणाऱ्याला कळत नाही. सोपा उपाय म्हणजे त्यांना एका ओळीत उरकणं.

इथेच ‘अर्थछटा’ हा शब्दही समजून घ्यावा. आज ‘गारदी’ म्हटलं की मराठी माणसाला पानिपत आठवत नाही. त्याला ३० ऑगस्ट १७७३ चा शनिवारवाडा आठवतो, नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो. त्या खुनातल्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता. पण ‘गारदी’ शब्दाला खुनाची काळी छटा कायमची चिकटली आणि बारा वर्षांपूर्वी पानिपतावर पेशव्यांसाठी मेलेले गारदी त्या छटेखाली झाकले गेले. शब्दाचा कोशातला अर्थ तोच राहिला. छटा बदलली आणि तिने माणसांची आठवण बदलली.

निवेदक

आता सर्वात महत्त्वाचा घटक, गोष्ट सांगणारा.

रघुनाथ यादव यांनी ‘पाणिपतची बखर’ लिहिली ती गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून. गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांची पत्नी आणि विश्वासरावांची आई. ज्या आईचा तरुण मुलगा रणात पडला, तिच्यासाठी लिहिलेला हा मजकूर. लेखकाचे शब्द कसे पडले असतील, काय सांगताना त्याचा हात थबकला असेल, हे वाचणाऱ्याने मनात धरूनच ती बखर वाचली पाहिजे.

पलीकडच्या छावणीतली हकीकत मिळते काशीराजाकडून. तो शुजाउद्दौलाच्या चाकरीत होता. लढाई त्याने डोळ्यांनी पाहिली आणि पुढे १७८० मध्ये फारसीत तिचा वृत्तांत लिहिला. हा काशीराज दख्खनी ब्राह्मण होता. दोन्ही बाजूंच्या तहाच्या बोलण्यांत त्याचा वापर होत होता आणि भाऊ त्याला चिठ्ठ्या पाठवत होते.

म्हणजे चित्र असं होतं. मराठ्यांच्या तोफा मुसलमान सरदाराच्या हातात. अब्दालीच्या बाजूची गोष्ट सांगणारा दख्खनचा हिंदू, तोही फारसीत. लढाई संपल्यावर विश्वासरावांच्या देहावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून खटपट करणारा शुजाउद्दौला. निवेदक कोण आहे, तो कोणाच्या पदरी आहे आणि कोणासाठी लिहितो आहे, एवढं विचारलं तरी गोष्टीच्या सरळ दोन रांगा मोडून पडतात.

अरबी परंपरेत ‘खबर’ सांगताना आधी सांगणाऱ्यांची साखळी देण्याची पद्धत होती. मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून ऐकलं. या साखळीला ‘इसनाद’ म्हणतात आणि मूळ मजकुराला ‘मत्न’. साखळीतला एखादा माणूस कच्चा निघाला तर मजकूरही संशयाखाली येई. निवेदकाला तपासण्याची ही जुनी शिस्त आहे. आज मोबाईलवर ‘फॉरवर्डेड’ एवढाच शिक्का असलेला मजकूर वाचताना ती शिस्त आठवायला हरकत नाही.

संघर्ष

संघर्ष दोन प्रकारचा सांगतात, बाहेरचा आणि आतला. बाहेरचा संघर्ष सगळ्यांना दिसतो, दोन फौजा समोरासमोर. आतला शोधावा लागतो.

मराठ्यांच्या गोटात लढाई कशी करायची यावरच मतभेद होते. मल्हाररावांसारख्या जुन्या सरदारांना गनिमी कावा हवा होता. भाऊंचा भरवसा इब्राहिमखानाच्या तोफांवर आणि कवायती पलटणींवर होता. जड तोफा घेऊन पळता येत नाही आणि पळत्या घोडेस्वाराला तोफांचं रक्षण करता येत नाही. एका फौजेत दोन युद्धशास्त्रं नांदत होती. त्यात जाटांचा राजा सूरजमल लढाईआधीच बाजूला झाला. तिकडे शुजाउद्दौलाला दोन्ही बाजूंची बोलावणी होती. अब्दालीकडे जाऊनही तो तहाच्या वाटा शोधत राहिला. त्याच्या मनातली ओढाताण ही एखाद्या कादंबरीची सामग्री आहे.

चांगल्या गोष्टीत आतला संघर्ष दोन्ही गोटांत दिसतो. फक्त आपल्याच गोटातली माणसं विचार करतात आणि पलीकडची नुसती चाल करून येतात, असं ज्या गोष्टीत असेल, ती गोष्ट कच्ची आहे असं समजावं.

भाषा: रूपक आणि श्लेष

पराभवाची बातमी दख्खनेत कळवणारं एक सांकेतिक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात माणसं मेली असं म्हटलेलंच नाही. मोत्यं गेली, मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशी ती सावकारी भाषा. मोत्यं म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. एका गोष्टीवर दुसरीचं रूप चढवून बोलणं म्हणजे रूपक. परीक्षेतल्या व्याख्येपेक्षा हे उदाहरण मुलांच्या जास्त लक्षात राहील. त्यांना आणखी एक प्रश्न विचारता येईल. मोत्यं मोजली गेली, खुर्दा का मोजला गेला नाही?

शेवटच्या दिवसांत भाऊंनी काशीराजाला पाठवलेल्या चिठ्ठीतही रूपकच आहे. प्याला काठोकाठ भरला, आता त्यात थेंबही मावणार नाही, अशा अर्थाचं. उपाशी छावणीची सारी दशा त्या एका प्याल्यात आली.

आणि श्लेष तर घरोघरी आहे. कोणी भरवसा ठेवायला सांगितलं की मराठी माणूस म्हणतो, विश्वास तर पानिपतावरच गेला. एक शब्द, दोन अर्थ, भरवसा आणि विश्वासराव. दुःखाचं विनोदात रूपांतर व्हायला पिढ्या जाव्या लागतात. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार क्रिकेटच्या बातमीतही चालतो. हे वाक्प्रचार मराठी मुसलमानाच्या घरातही तितक्याच सहजतेने बोलले जातात, कारण ती त्याचीही भाषा आहे आणि ते त्याचंही पानिपत आहे.

आशय, आणि इतिहास-ललित यांच्यातली रेघ

गोष्ट वाचून संपल्यावर मनात जे उरतं तो आशय. तो लेखक एकटा ठरवत नाही, वाचणाराही ठरवतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची अस्सल पत्रं होती. राजवाड्यांचा बखरींवर फारसा विश्वास नव्हता. एक अस्सल कागद साऱ्या बखरींना भारी आहे, अशी त्यांची भूमिका. इतिहासकार म्हणून ती रास्त होती. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला बखर टाकून देता येत नाही. काय घडलं हे पत्र सांगतं. घडलेलं लोकांनी मनात कसं साठवलं हे बखर सांगते. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर इतिहासग्रंथ लिहिला आणि १९८८ मध्ये विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी आली. पत्र, बखर, इतिहासग्रंथ आणि कादंबरी, एकाच घटनेची ही चार रूपं. चौघांकडून मागायचं ते वेगळं आणि चौघांना विचारायचे प्रश्नही वेगळे. कादंबरीतला संवाद पुरावा म्हणून नाचवणं आणि पत्रात काव्य नाही म्हणून नाक मुरडणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. कथेचे घटक शिकवताना पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर थांबू नका. मुलाने मोबाईलवर पाहिलेली एखादी ऐतिहासिक चित्रफीत घ्या आणि त्याला पाच प्रश्न विचारा. ही गोष्ट कोण सांगतो आहे आणि कोणासाठी? ती कुठून सुरू केली आणि त्याआधीचं काय सोडलं? यातलं कोणतं पात्र एकरंगी आहे? कोण तिथे हजर होता पण गोष्टीत नाही? आणि कोणत्या शब्दाची छटा आपला राग वाढवते आहे?

या प्रश्नांना धर्म नाही. मुसलमान घरात सांगितल्या जाणाऱ्या शौर्याच्या किश्श्यांनाही ते तितक्याच कठोरपणे विचारले पाहिजेत. आपल्या गोष्टीतही मोत्यं मोजली जातात आणि खुर्दा राहून जातो. पानिपतावर खुर्द्यात गेलेल्यांमध्ये गारदी होते, बारगीर होते, यात्रेकरू होते, रोहिलेही होते. त्यांची नावं कोणत्याच बखरीत नाहीत. निदान ते तिथे होते एवढं तरी वर्गात सांगितलं जावं.